वाचणाऱ्यानं वाचलं ते खरं

"केंद्रक म्हंजे काय गं, मास्तरीणबाई?" अप्पांनी शिडीवरून विचारलं.

"पेशीच्या मध्ये असतं ते. सगळा कारभार त्याच्याच हातात."

"म्हंजे पाटील."

"पाटील काय पाटील. केंद्रक म्हणा."

"केंद्रक," अप्पा म्हणाले आणि भिंतीवर जांभळ्या रंगाचा गोल गिरवायला लागले.

मी खाली बाकावर पुस्तक उघडून बसले होते, पाय हलवत. नववीत होते. आगाऊपणा अंगात मुरलेला, आणि त्या दिवसांत तर त्याला ऊत आला होता, कारण आयुष्यात पहिल्यांदा अप्पा मला काहीतरी विचारत होते आणि मला ते येत होतं.

अप्पा म्हणजे जतचे बसवंत पेंटर. बाजारपेठेतल्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या. चौथीपर्यंत शिकलेले, पण अक्षर असं की बघणारा दुकानात न जाता पाटीकडंच बघत राहायचा. इंग्रजी वाचता येत नव्हतं. पाटीवर लागणारे शब्द मात्र चित्रासारखे पाठ होते. टेलर्स, प्रोप्रायटर, अर्जंट फोटो. गावात तीन फोटो स्टुडिओ होते आणि तिन्हींच्या दारावर अप्पांनी तो 'अर्जंट' तांबड्या रंगात, मोठ्या इंग्रजी अक्षरांत रंगवलेला.

आमच्या शाळेची तपासणी होती. हेडसरांनी प्रयोगशाळेबाहेरची भिंत अप्पांना दिली. वनस्पती पेशी, प्राणी पेशी आणि शेवटी रक्तातल्या पेशी, अशी तीन चित्रं. विज्ञानाच्या दानोळे बाईंनी पुस्तकावर खुणा करून दिल्या आणि मला म्हणाल्या, "नीलांबिका, तुझ्या वडलांना नावं नीट सांग. एकही चुकलं तर साहेबांपुढं माझी शोभा होईल."

मग काय विचारता. शाळा सुटली की मी दप्तरासकट त्या बाकावर. पेशीपटल, पेशीद्रव्य, रिक्तिका, तंतुकणिका. त्याआधी हे शब्द मलासुद्धा धड येत नव्हते, आदल्या दिवशी घोकून यायची आणि जन्मापासून माहीत असल्यासारखी सांगायची. अप्पा प्रत्येकाला आपल्या परीनं बसवून घ्यायचे. रिक्तिका म्हणजे पाण्याची टाकी. तंतुकणिका म्हणजे चूल. पेशीपटल म्हणजे दारावरचा गुरखा, कुणाला आत सोडायचं आणि कुणाला नाही ते बघणारा.

"एवढं सगळं माझ्या अंगात हाय?" एकदा त्यांनी विचारलं.

"तुमच्या, माझ्या, त्या शेळीच्यासुद्धा."

"आन् आपल्याला पत्ता न्हाई," अप्पा म्हणाले.

त्यांच्या कामाची एक रीत होती. आधी खडूनं अक्षरं काढायची, मग गिऱ्हाइकाला समोर उभं करून वाचायला लावायचं. गिऱ्हाईक वाचायचं. अप्पा विचारायचे, "नीट बघितलं?" तो हो म्हणाला की रंग भरायचा. दोनदा विचारायचे, तिसऱ्यांदा कधी नाही. एका किराणावाल्यानं दुकानाचं साल चुकीचं सांगितलं होतं. अप्पांना खरं साल ठाऊक होतं, दुकान निघालं तेव्हा पहिली पाटी त्यांनीच रंगवली होती. तरी दोनदा विचारलं आणि चुकीचं साल रंगवून मोकळे झाले. अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, कपाळावर हात मारून घेतला. "सांगायचं न्हाई का त्याला?"

"चारचौघांत वाचणाऱ्याला खोटं पाडू न्हाई," अप्पा म्हणाले. "वाचणाऱ्यानं वाचलं ते खरं. चुकलं तर पुसता येतं."

भिंतीचं काम चालू झालं तेव्हा अव्वा घरी नव्हती. मावशीच्या बाळंतपणाला विजापूरला गेली होती, महिनाभरासाठी. स्वयंपाक माझ्याकडं. भाकरी कुठं जळकी, कुठं कच्ची. अप्पा निमूटपणे खायचे, फार तर म्हणायचे, "आज नकाशा कुठला म्हणायचा, कर्नाटकाचा का?"

पण खाणं कमी झालं होतं त्यांचं. दात घासताना रक्त यायचं. शिडी लागून नडगीवर निळे डाग पडलेले, ते जाता जात नव्हते. दोन पायऱ्या चढल्या की थांबायचे आणि ब्रश बघत असल्याचं सोंग करायचे. मला ते दिसत होतं. मी बाकावरून म्हणायची, "अप्पा, साहेब येतील तोवर निम्मी पेशी तरी होऊ द्या."

सांगलीचे एक डॉक्टर दर गुरुवारी जतला यायचे. अप्पांनी त्यांना दाखवलं. त्यांनी रक्त तपासायला सांगितलं आणि पुढच्या गुरुवारी रिपोर्ट घेऊन या म्हणाले. रिपोर्ट मंगळवारी मिळाला. लॅबच्या काउंटरवरच्या बाईनं पाकीट हातात दिलं, डॉक्टरांना दाखवा म्हणाली, आणि अप्पा ते घेऊन सरळ भिंतीकडं आले.

शाळा नुकतीच सुटली होती. व्हरांड्यात आम्ही दोघंच. अप्पा शिडीच्या खालच्या पायरीवर बसले आणि पाकीट माझ्यापुढं धरलं.

"वाच."

सगळं इंग्रजीत, टाइप केलेलं. माझं इंग्रजी म्हणजे पाचवीपासूनचं, फाटकं. मी कागद वरपासून खालपर्यंत पाहिला, दहातले आठ शब्द मला येत नव्हते. तेवढ्यात एक शब्द ओळखीचा दिसला. सेल्स. त्याच्याआधी व्हाइट. पांढऱ्या पेशी. कालच तर पाठ केल्या होत्या. पुढं आकडा होता चौऱ्याण्णव हजार, आणि कंसात किती असायला पाहिजेत ते. चार ते अकरा हजार.

दानोळे बाईंनी वर्गात सांगितलं होतं, पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक. रोग आला की लढतात.

"अप्पा," मी म्हणाले, "तुमच्या अंगात सैनिक आठपट आहेत."

"म्हंजे?"

"पांढऱ्या पेशी हो. लढणाऱ्या. लोकांच्यात अकरा हजार असतात, तुमच्यात चौऱ्याण्णव हजार. कसला रोग येतोय आता तुम्हाला."

"मग ह्यो अशक्तपणा?"

"हिमोग्लोबिन कमी आहे जरा. ते पालेभाजीनं वाढतं. सैनिक लढून दमले असतील, दुसरं काय."

"आन् बाकीचं काय लिवलंय एवढं?"

इथं मला 'येत नाही' म्हणता आलं असतं. दोनच शब्द. बाई होत्या, हेडसर होते, पळत गेले असते तर पाच मिनिटांत कुणीतरी वाचून दिलं असतं. पण गेले दहा दिवस मी त्या बाकावरची मास्तरीण होते, आणि मास्तरणीला येत नाही असं कसं चालेल?

"बाकीचं छापील असतं," मी म्हणाले. "सगळ्यांना सारखंच."

अप्पांनी कागद माझ्या हातातून घेतला. खाली बोट ठेवलं. "आन् हे तांबड्या शाईनं?"

मी त्या वेळी पुस्तकात सैनिकांचं पान शोधत होते, त्यांना चित्र दाखवायला. मान वर केली नाही.

"लॅबवाल्याची सही असते ती."

"नीट बघितलंस?"

"हो हो."

अप्पा बराच वेळ त्या कागदाकडं बघत बसले. मग घडी घातली, ब्रशच्या डब्यात ठेवली आणि उठले. "बरं," म्हणाले. "दाखव तुझे सैनिक."

त्या गुरुवारी ते डॉक्टरांकडं गेले नाहीत. काम निम्म्यावर आहे म्हणाले. मीही म्हणाले, कशाला जाताय, रिपोर्ट तर चांगला आहे. पुढच्या गुरुवारीही नाही. त्या दोन आठवड्यांत त्यांनी रक्ताचं चित्र काढलं, आणि ते तिन्हींत सर्वांत देखणं झालं. तांबड्या पेशी बशीसारख्या, आणि त्यांच्यामधून पांढऱ्या, मोठाल्या, पोटात जांभळं केंद्रक घेऊन. पुस्तकात दोनच होत्या. अप्पांनी नऊ काढल्या.

"एवढ्या कशाला?" मी विचारलं.

"असू दे. लढतील."

बुधवारी नावं लिहायची होती. पेशींपासून बाण काढून झाले होते. तांबड्या पेशीचं नाव झालं. पांढऱ्या पेशीच्या बाणापुढं त्यांनी सरळ रेघेसाठी खडूची दोरी मारली, ब्रश बुडवला, आणि ब्रश हातातून खाली पडला. मला वाटलं निसटला. मी तो उचलून द्यायला वाकले तेव्हा अप्पा शिडीवरून घसरत येऊन माझ्या पायाशी बसले. नाकातून रक्त येत होतं, थांबत नव्हतं.

हेडसरांच्या जीपमधून मिरजेला नेलं, ब्रशचा डबाही जीपमध्ये आला. अव्वाला विजापूरहून बोलावलं. सकाळी मोठे डॉक्टर आले तेव्हा आम्ही दोघी खाटेच्या कडेला उभ्या होतो. डॉक्टरांनी डब्यातला तो कागद उलगडला. तेलाचे डाग पडले होते त्याच्यावर.

"हा पंधरा दिवसांपूर्वीचा आहे," डॉक्टर म्हणाले. "रक्ताचा कॅन्सर आहे हा. ह्या पांढऱ्या पेशी तयार झालेल्याच नाहीत, कच्च्या आहेत, नुसत्या वाढतायत. पंधरा दिवसांपूर्वी आणलं असतं तर काही तरी करून बघता आलं असतं. कुणी वाचला नाही का हा रिपोर्ट?"

माझ्या हातात पाण्याची बाटली होती. बाटलीच्या झाकणावर काय लिहिलंय ते मी आजही सांगू शकते, इतकी मी त्याच्याकडं बघत होते.

"माझीच चूक, डॉक्टर," अप्पा म्हणाले. आवाज अगदी बारीक. "कामाच्या नादात डब्यात टाकला आन् इसरलो. कुणाला दाखवलाच न्हाई."

माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. अव्वानं कपाळ बडवून घेतलं. मी बाटलीचं झाकण आणखी घट्ट फिरवलं.

नऊ दिवस काढले त्यांनी. त्या नऊ दिवसांत मी एकदाच एकटी होते त्यांच्याजवळ. मी म्हणाले, "अप्पा, तो कागद मी..." त्यांनी पापण्या मिटल्या आणि विचारलं, "तपासणी झाली का गं? साहेब काय म्हणाले?"

"चांगलं झालंय म्हणाले."

"एक नाव राहिलं," अप्पा म्हणाले.

ते नाव राहिलंच. दुसऱ्या कुणाचं अक्षर त्या भिंतीवर शोभलं नसतं म्हणून शाळेनं तसंच ठेवलं, आणि दहावीचं अख्खं वर्ष मी त्या भिंतीपुढून गेले. दानोळे बाई वर्गाला तिथं उभं करायच्या, मोकळ्या बाणावर पट्टी ठेवायच्या आणि विचारायच्या, "ही कोणती पेशी?" सगळ्या मुली एका सुरात ओरडायच्या. मी वहीत मान घालायची. बाईंना वाटायचं वडलांच्या आठवणीनं. मला वाटायचं त्या नऊच्या नऊ माझ्याकडं बघतायत.

पुढं मी लॅबचंच शिकले. लोक म्हणाले, बापाच्या दुखण्यावरून पोरीनं मार्ग निवडला. म्हणू दे. सांगलीला एका लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकावर बसते. अप्पांना जाऊन सत्तावीस वर्षं झाली. पांढऱ्या पेशी रोजच मोजते. कधी काचेवर त्या कच्च्या, मोठाल्या दिसायला लागल्या की मान वर करायचं धाडस होत नाही, मागं कुणीतरी 'वाच' म्हणेल असं वाटतं. असा रिपोर्ट मी काउंटरवर देत नाही. स्वतः बाहेर जाते, माणसाला खुर्चीवर बसवते आणि मराठीत सांगते. मालक चिडतात, ते तुमचं काम नाही म्हणतात. मी ऐकत नाही.

अव्वाचं मात्र मला कधी सहन झालं नाही. अप्पा गेल्यापासून तिनं एकच पाढा लावला होता. कुणी भेटायला आलं की, "असला हलगर्जी माणूस. जिवाचा कागद डब्यात टाकून फिरला. पोरीचा विचार केला न्हाई." लग्नात, बारशात, पार माझ्या सासूपुढं. मोठ्यानं. अप्पांच्या फोटोला हार घालतानाही पुटपुटायची. प्रत्येक वेळी खरं सांगून टाकावं वाटायचं आणि प्रत्येक वेळी मी उठून स्वयंपाकघरात जायची. मग राग तिच्यावर निघायचा. दिवाळीला गेले तरी दोन दिवसांत भांडून परत. हळूहळू जाणंच कमी केलं.

परवा गेले होते. तिचे गुडघे गेलेत, दाराशी बसून हुलगे निवडत होती. शेजारी नवीन राहायला आलेली बाई बसली होती, आणि अव्वाचं चालू झालं. "ह्यांचं काय सांगू तुम्हाला. कागद डब्यात टाकून..."

ती बाई गेली तशी मी दार लोटलं.

"बास, अव्वा. एक शब्द बोलू नकोस त्यांना."

"का? खोटं हाय का?"

"खोटं आहे. अप्पा विसरले नव्हते. तो कागद मी वाचला होता. चांगला आहे म्हणून मी सांगितलं. मला येत नव्हतं आणि मी येतंय म्हणून सांगितलं. माझ्यामुळं गेले ते."

अव्वाचा हात सुपात चालूच होता. एक खडा काढून तिनं बाजूला ठेवला.

"ठाऊक हाय," ती म्हणाली.

मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही.

"मिरजेतच सांगितलं मला त्यांनी, तिसऱ्या दिवशी. म्हणाले, नीलानं वाचला. पोर हाय, चुकली. हे तिच्या डोक्यावर बसू द्यायचं न्हाई. उद्या लोक इचारतील कागद कुणी बघितला, तर माझं नाव घे. मोठ्यानं घे."

"आणि तू..."

"घेतलं की मोठ्यानं."

सत्तावीस वर्षं ज्या तोंडाचा मी तिरस्कार केला, ते तोंड दात पडून बोळकं झालेलं, माझ्यासमोर हुलगे निवडत होतं.

"एकदा तरी मला सांगायचंस, अव्वा."

"तू सांगशील म्हणून वाट बघत हुते," ती म्हणाली. मग पदरानं डोळे पुसले. "लई उशीर केलास, बाई. त्यांना शिव्या देऊन देऊन माझी जीभ झिजली."

तिनं हात टेकत उठून ट्रंक उघडली. तळाशी ब्रशचा डबा होता. त्यातून तिनं तो कागद काढला. घड्यांवर फाटलेला, तेलानं पिवळा पडलेला.

"हे घे. आता तुला नीट येतंय. वाच एकदाचं."

मी वाचलं. चौऱ्याण्णव हजार. त्याच्याखाली कच्च्या पेशींचा आकडा, जो मी छापील म्हणून सोडला होता. सगळं आता स्वच्छ कळत होतं, रोजच्या कामातल्यासारखं. मग नजर खाली गेली.

सही नव्हती ती. तांबड्या शाईत, मोठ्या इंग्रजी लिपीत सहा अक्षरं होती, खाली दोन रेघा ओढलेली. अर्जंट.

अप्पांनी त्याच्यावरच बोट ठेवलं होतं. तीन स्टुडिओंच्या दारावर त्यांनी स्वतःच्या हातानं तांबड्या रंगात लिहिलेला शब्द. इंग्रजीतला दुसरा कुठला नसता कळला तरी हा कळला असता. त्यांनी तो वाचला होता. मग मला विचारलं होतं, हे काय. मग विचारलं होतं, नीट बघितलंस? दोनदा. तिसऱ्यांदा ते कुणालाच विचारत नसत.

ते घाबरले असतील, कागदापेक्षा माझं बोलणं बरं वाटलं असेल. नाही तर मला खोटं पाडायचं नसेल. मी रोज पन्नास माणसांचं रक्त वाचते, पण हे मला येत नाही.

"त्या तांबड्या शाईनं काय लिवलंय गं खाली?" अव्वानं विचारलं. "मी कितींदा बघितलं. इचारणार कुणाला?"

विसरले म्हणून तिनं त्यांना लोकांदेखत शिव्या दिल्या होत्या, आणि पोरीवर विश्वास ठेवला म्हणून मनात माफ केलं होतं. तो माणूस ओळखीचा शब्द वाचून गप्प बसला, हे ऐकल्यावर तिच्याकडं काय उरलं असतं?

"काही नाही अव्वा," मी म्हणाले. "लॅबवाल्याची सही आहे."

"नीट बघितलंस?"

"हो," मी म्हणाले आणि कागदाची घडी घातली.